निवृत्तीनंतर अंबाडीत?

ठाणे-मुंबईतून निवृत्त होणाऱ्या अनेकांना भिवंडी-वाडा रस्त्यावरची अंबाडी खुणावते. इथून वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं जवळ, तानसा नदी हाकेच्या अंतरावर. पण जागा जानेवारीत पाहू नये. जुलैत, मुसळधार पावसात पाहावी. रस्त्याची, विजेची आणि ओल धरणाऱ्या भिंतींची खरी परीक्षा तेव्हाच होते.

सगळ्यात जास्त फसगत जमिनीत. 'सेकंड होम'च्या नावाखाली दाखवलेला तुकडा कागदोपत्री शेतजमीन असेल, तर 1948 च्या कूळकायद्यातल्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर 1966 च्या जमीन महसूल संहितेतलं कलम 36-अ आडवं येतं. त्यामुळे बिनशेतीचा आदेश आणि सातबारा स्वतः वाचा. दलालाच्या शब्दावर निवृत्तीची पुंजी लावू नका.

मग दवाखाना. रात्री दोनला छातीत दुखलं तर हृदयविकाराचा उपचार कुठे मिळेल आणि तिथवर गाडी किती वेळात पोहोचेल? भिवंडीच्या गोदामांच्या ट्रकांची गर्दी धरून हिशेब करा. साठीत जमणारं ड्रायव्हिंग पंचाहत्तरीत जमेलच असं नाही. राज्यात एसटीला 65 पासून अर्धं तिकीट, 75 नंतर प्रवास मोफत. पण सवलत असून उपयोग काय, संध्याकाळी परतीची गाडी हवी ना! तिची वेळ नाक्यावर विचारून घ्या, आणि आधी वर्षभर भाड्यानं राहून बघा.