भोरमध्ये नियम कोण करतं?

भोरचा राजवाडा तुम्ही पाहिलाच असेल. संस्थानाच्या काळात राज्यकारभारातला शेवटचा शब्द इथल्या पंतसचिवांचा असे. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. आता नगराध्यक्षांनासुद्धा एकट्याने गावाचा नियम करता येत नाही. मग करतं कोण?

समजा, नीरा नदीच्या काठी कचरा टाकणाऱ्याला दंड करायचाय. हा विषय आधी नगरपरिषदेच्या सभेच्या विषयपत्रिकेवर यावा लागतो. विषयपत्रिका नगरसेवकांना आधीच पाठवतात, म्हणजे सगळे तयारीनिशी येतात. सभेत पुरेसे सदस्य हवेत. त्याला गणपूर्ती म्हणतात. मग एक नगरसेवक ठराव मांडतो, तो सूचक. दुसरा पाठिंबा देतो, तो अनुमोदक. आणि मग सुरू होते खरी चर्चा! कुणी म्हणेल, "आधी घाटावर कचऱ्याचे डबे ठेवा, मग दंड करा." कुणी विचारेल, "पावती फाडायला माणसं कुठून आणणार?" शेवटी मतदान होतं. दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली, तर नगराध्यक्षांचं निर्णायक मत कामी येतं. सगळं इतिवृत्तात लिहून ठेवतात.

झाला का नियम? छे! दंडाचा नियम म्हणजे 'उपविधी', आणि त्याची वाट लांबची आहे. मसुदा आधी लोकांसमोर ठेवावा लागतो, त्यावर हरकती आणि सूचना मागवतात. मला हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घंटागाडी दारात येते तेव्हा एखाद्या घरची माणसं कामाला गेलेली असतात. त्यांनी कचरा द्यायचा कुणाकडे? ही अडचण त्या घरालाच ठाऊक असते. त्यांनी साध्या कागदावर लेखी हरकत दिली, तर नगरपरिषदेला तिचा विचार करावाच लागतो. त्यानंतर सरकारची मंजुरी मिळाली, की उपविधी लागू होतो. तोही १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याच्या चौकटीत बसला पाहिजे. मनाला येईल तेवढा दंड लावता येत नाही. साधा ठरावसुद्धा बेकायदा वाटला, तर जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतात.

पलीकडे वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या खेड्यांत तर आणखी गंमत. तिथे ग्रामसभा भरते आणि गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. आजीसुद्धा उभी राहून सरपंचांना विचारू शकते, "आमच्या आळीला पाणी कधी?"

मत द्यायला तुम्हाला अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतील. पण सूचना सुचायला वयाची अट नाही. पुढच्या वेळी नगरपरिषदेच्या फलकावर एखादी जाहीर सूचना दिसली, तर थांबून वाचा. हरकतीची शेवटची तारीख वहीत लिहून घ्या आणि घरी मोठ्यांना सांगा.