हे कपडे घालणार तरी कोण?

पॅरिस किंवा मिलानच्या फॅशन शोची चित्रफीत पाहिली, की आपल्या शिलाईच्या दुकानांत एकच प्रश्न उठतो : हे कपडे घालणार तरी कोण? अशा वेशात ना बसमध्ये चढता येते, ना लग्नाच्या पंगतीला बसता येते. मग एवढा खर्च करून हे सोंग कशासाठी, असे आमच्या कारागीर बांधवांना वाटले तर नवल नाही. परंतु व्यापाराच्या नजरेने पाहिले तर हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्या सोंगामागे मोठी उलाढाल आहे आणि तिच्यात आपल्या हातांच्या मेहनतीचाही वाटा आहे.

एक जुना दाखला पाहू. 12 फेब्रुवारी 1947 रोजी पॅरिसमध्ये ख्रिश्चन डिऑर यांनी आपला पहिला संग्रह दाखवला. बारीक कंबर आणि खाली भरपूर घेराचा लांब स्कर्ट, असा तो थाट होता. महायुद्ध नुकतेच संपलेले. ब्रिटनमध्ये तर कपड्यांचे रेशनिंग 1949 पर्यंत चालू होते. अशा टंचाईत एका पोशाखाला कित्येक मीटर कापड लावलेले पाहून लोकांनी ओरड केली. पण डिऑर यांना भांडवल पुरवणारे मार्सेल बुसाक हे स्वतः कापड गिरण्यांचे मालक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हिशेब उलगडतो. घेर वाढला की कापडाचा खप वाढतो. पुढे तोच घेर कमी कापडात, स्वस्त मालात, देशोदेशीच्या शिंप्यांच्या कात्रीखाली आला. मूळ पोशाख मूठभर श्रीमंत बायकांनी घेतला. धंदा मात्र त्याच्या साध्या नकलांनी केला.

आता याची दुसरी बाजू. हुसेन चालायान हे सायप्रसमध्ये जन्मलेले तुर्की वंशाचे डिझायनर. फेब्रुवारी 2000 मध्ये लंडनच्या रंगमंचावर त्यांनी एक दिवाणखाना मांडला. खुर्च्यांच्या खोळी मुलींनी अंगावर चढवल्या, खुर्च्यांच्या पेट्या झाल्या, आणि शेवटी एका मुलीने मधले लाकडी टेबल वर ओढून कमरेला स्कर्टसारखे अडकवले. घरदार सोडून पळावे लागलेल्या माणसाने संसार अंगावर कसा न्यावा, हा त्यामागचा विचार होता. तो स्कर्ट कुणी रोज घालावा अशी अपेक्षाच नव्हती. 1999 आणि 2000 अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांना ब्रिटनमधील उत्कृष्ट डिझायनरचा मान मिळाला. तरीही 2001 मध्ये कर्जापायी त्यांना कंपनी गुंडाळावी लागली आणि नव्याने उभे राहावे लागले. टाळ्यांवर कारखान्याचे भाडे निघत नाही, हे यातून दिसते.

मोठी घराणी हे ओळखून असतात. रॅम्पवरच्या पोशाखाने नाव गाजते आणि गल्ला भरतो तो अत्तर, पर्स, चष्मे, चपला व तयार कपड्यांनी. आपल्याकडेही हेच चालते. दुकानाच्या काचेत लावलेला भारी नवरीचा घागरा हंगामात एखाद-दुसराच विकला जातो. तो पाहून आत आलेले गिऱ्हाईक मात्र साधा सलवार-सूट घेऊन जाते. म्हणून आमच्या मते रॅम्पवरचा प्रत्येक पोशाख रोज घालण्याजोगा असण्याची गरज नाही. पण त्यातून घालण्याजोगे काहीतरी बाजारात उतरलेच पाहिजे. नाहीतर तो नुसता तमाशा ठरतो.

यात आपला संबंध कुठे येतो? 30 मार्च 2023 रोजी डिऑरने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर आपला शो केला. त्यातील भरतकामामागे मुंबईच्याच 'चाणक्य' या संस्थेचे कारागीर होते. आरी आणि जरदोजीचा हात जगाने पाहिला, ही अभिमानाची गोष्ट.

जून 2025 मध्ये उलट प्रकार झाला. शेताच्या बांधावर रोज वापरली जाणारी कोल्हापुरी चप्पल मिलानमध्ये प्राडाच्या रॅम्पवर अवतरली, तीही कोल्हापूरचे नाव न घेता. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले आणि डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे त्यात येतात. पण मानांकन राखते ते नाव. नाव न वापरता घाट उचलला, तर कायद्याचा हात तोकडा पडतो.

म्हणून आमच्या बांधवांना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. शोसाठी केलेला नमुना एकदाच होतो. दुसऱ्या-तिसऱ्या नगाला हात बसतो आणि वेग येतो, तसा त्यात येत नाही. म्हणून नगाचा नेहमीचा दर लावला तर अड्ड्यावर बसणारा कारागीर तोट्यात जातो. नमुन्याची मजुरी दिवसावर आणि आधी ठरवून घ्यावी. खाक्याची एक प्रत, तारीख घालून, आपल्याजवळ ठेवावी. ज्यांच्या मालाला भौगोलिक मानांकन आहे त्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी करून घ्यावी. आणि नमुना पसंत पडल्यास पुढचा साधा माल कोणाकडे येणार, हे बोलणीच्या वेळीच विचारावे.

'हे घालणार कोण?' हा प्रश्न खरेदीदाराने सोडवावा. 'याची पुढची ऑर्डर कोणाला आणि कोणत्या दराने?' हा प्रश्न आपला आहे, आणि तो काम हाती घेण्याआधी विचारायचा आहे.