कागदावर तिचे नाव

घरातील कर्ता पुरुष अकस्मात गेला, दिवसकार्य आटोपले आणि पाहुणे आपापल्या गावी परतले की अनेक घरांत एक ट्रंक उघडली जाते. तिच्या तळाशी फडक्यात बांधलेले कागद असतात : बँकेची पासबुके, विम्याची पॉलिसी, सातबाऱ्याचा उतारा, एखादी कर्जाची नोटीस. ज्या स्त्रीने पंधरा-वीस वर्षे पै-पैचा हिशेब ठेवून ते घर चालविले, ती हे कागद बहुधा प्रथमच हाती घेत असते. कोणत्या कागदाचे येणे आहे आणि कोणत्या कागदाचे देणे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. तिनेही ते कधी विचारलेले नसते.

काटकसर महाराष्ट्रातील स्त्रीला शिकवावी लागत नाही. धान्याच्या डब्यात जपलेल्या नोटा, शेजारणींची भिशी आणि गावोगावचे बचत गट ह्यांनी ते सिद्ध केले आहे. उणीव आहे ती वेगळी. स्त्री पैसा राखते. परंतु कागदावर तिचे नाव नसते. विवाह, अपत्यजन्म, माहेरची वाटणी, वैधव्य वा विभक्त होणे आणि वार्धक्य ह्या प्रत्येक वळणावर कोणता ना कोणता कागद तयार होत असतो. तो वाचून, समजून घेऊन आणि शक्य तेथे त्यावर आपले नाव घालूनच पुढे जावे, हा आर्थिक सुरक्षिततेचा पहिला धडा होय.

विवाह : स्त्रीधनाची यादी

विवाहात व त्यानंतर स्त्रीला भेटीदाखल मिळालेले दागिने, रोकड व वस्तू हे तिचे स्त्रीधन होय. सासरी ते कोणाच्याही कपाटात ठेवलेले असले तरी मालकी तिचीच राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात हे निःसंदिग्धपणे सांगितले असून, मागणी करूनही स्त्रीधन परत न देणे हा फौजदारी स्वरूपाचा विश्वासघात ठरतो, असा निर्वाळा दिला आहे. मात्र वस्तू कोणत्या होत्या हे दाखविण्याची वेळ आली की यादी लागते. म्हणून विवाहाच्या वेळीच दागिन्यांची वजनासह यादी करावी, सराफाच्या पावत्या जपाव्यात आणि त्यांची एक प्रत माहेरी ठेवावी. ह्यात अविश्वास नाही, व्यवहार आहे.

विवाहानंतर नाव बदलणे कायद्याने बंधनकारक नाही. बदलले तर आधार, पॅन आणि बँक ह्या तिन्ही ठिकाणी ते सारखेच असावे. नावातील तफावतीमुळे ऐन गरजेच्या वेळी रक्कम अडून राहते. पतीसह संयुक्त खाते उघडताना ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ ही पद्धत निवडावी. त्याखेरीज स्वतःच्या एकटीच्या नावाचे एक खाते असावे आणि ते चालविण्याची सवयही असावी.

अपत्य आणि घर

अपत्यजन्माच्या सुमारास अनेक स्त्रियांची नोकरी खंडित होते. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांतील पात्र महिलांना २०१७ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. नोकरी सोडावीच लागली तर भविष्यनिर्वाह निधीची रक्कम काढून खर्चून टाकण्याची घाई करू नये. ती रक्कम पुढील नोकरीच्या खात्यात वर्ग करता येते.

मुलगी झाली असल्यास ती दहा वर्षांची होण्यापूर्वी सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. त्यात वर्षाला किमान २५० व कमाल दीड लाख रुपये पंधरा वर्षे भरावयाचे असतात आणि खाते एकवीस वर्षांनी परिपक्व होते.

पतीच्या विम्याबाबत एक जुनी, परंतु फारशी परिचित नसलेली तरतूद लक्षात ठेवण्याजोगी आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या अधिनियमाखाली पतीने पत्नी व मुलांच्या लाभासाठी पॉलिसी घेतली, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरते. पतीच्या सावकारांना अथवा बँकांना कर्जवसुलीसाठी तिला हात लावता येत नाही. मात्र ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते.

घर घेताना सहकर्जदार आणि सहमालक ह्यांतील भेद ओळखावा. कर्जाच्या कागदावर सही केल्याने फेडीची जबाबदारी येते. मालकी येते ती खरेदीखतावर नाव असेल तरच. शेतीबाबत महाराष्ट्राने एक वेगळी वाट दाखविली आहे. शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालविली आणि १९९२ मध्ये राज्य शासनाने पतीच्या हयातीतच सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याचा मार्ग खुला केला. ह्यासाठी पतीने स्वेच्छेने अर्ज करावयाचा असतो.

माहेरची वाटणी : सही करण्यापूर्वी

वडिलांच्या निधनानंतर भाऊ बहिणीला बोलावतो, साडीचोळी करतो आणि हक्कसोडपत्रावर सही मागतो, हे चित्र परिचित आहे. माहेर तुटू नये म्हणून बहीण न वाचताच सही करते. तिचा हक्क काय आहे, हे तिला ठाऊक असले पाहिजे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवा, मुलगे, मुली व आई ह्यांना १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार समान वाटा मिळतो. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद मानले. तथापि त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या गेल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने हा हक्क विवाहित-अविवाहित सर्व मुलींना दिला. वडील त्या दिवशी हयात नसले तरी मुलीचा जन्मजात हक्क अबाधित आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. तथापि २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना त्यामुळे बाध येत नाही.

हा कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन व शीख स्त्रियांनाही लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती व पारशी भगिनींचे वारसाविषयक कायदे वेगळे आहेत. हक्क सोडावयाचा की नाही हे ज्या त्या बहिणीने ठरवावे. परंतु नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाल्यावर ते मागे घेणे फार कठीण असते. म्हणून सही आज नको, वाचून चार दिवसांनी करू, असे म्हणण्याचे धैर्य तिने दाखवावे.

वैधव्य : पहिले तीन महिने

दुःखाच्या ह्या काळात दोन पथ्ये पाळावीत. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करून दाखल्याच्या अनेक प्रती घ्याव्यात. तसेच पहिले काही महिने जमीन विकणे, मोठी रक्कम कोणाला देणे किंवा कोऱ्या कागदावर सही करणे टाळावे.

मग पतीच्या पासबुकातील नोंदी बारकाईने पाहाव्यात. वर्षातून एकदा ४३६ रुपये वजा झाले असतील तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना होय. २० रुपये वजा झाले असतील तर ती अपघाताची सुरक्षा विमा योजना. विमा चालू असल्यास दोहोंत मृत्यूनंतर दोन लाख रुपये मिळू शकतात, दुसऱ्या योजनेत अर्थातच केवळ अपघाती मृत्यू झाल्यास. ह्या नोंदी कोणी वाचल्याच नाहीत, तर हक्काची रक्कम मागितलीही जात नाही. पती भविष्यनिर्वाह निधीचा सभासद असेल तर निधीची शिल्लक, विधवा निवृत्तिवेतन आणि ठेवीशी संलग्न विमा अशा तीन स्वतंत्र मागण्या कराव्या लागतात. शेतजमीन असल्यास तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कर्त्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपयांचे साहाय्य मिळते, तर निराधार विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रियांसाठी राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ह्या दोहोंसाठी तहसील कार्यालयाशी संपर्क साधावा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही ध्यानी घ्यावे. बँकेतील ठेव किंवा समभाग नॉमिनीच्या हाती येतात, पण त्यांवर हक्क वारसांचा असतो. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती, पत्नी, आईवडील किंवा मुले नॉमिनी असल्यास रक्कम सामान्यतः त्यांचीच होते. जुन्या पॉलिसीवर विवाहापूर्वी लावलेले नाव तसेच राहिले असेल तर ते पतीच्या हयातीतच बदलून घ्यावे.

पुनर्विवाहाचा विचार करणाऱ्या हिंदू स्त्रीने जाणावे की, पहिल्या पतीकडून वारसाने मिळालेला वाटा त्यामुळे परत जात नाही. विधवा निवृत्तिवेतन मात्र थांबू शकते. विभक्त होण्याची पाळी आलेल्या स्त्रीला पोटगीचा, तसेच कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याखाली सामाईक घरात राहण्याचा हक्क मागता येतो. तडजोडीची रक्कम ठरविताना दरमहाचा खर्च, मुलांचे शिक्षण व आजारपण ह्यांचा लेखी अंदाज तिच्या हाती असावा.

वार्धक्य : देताना राखून द्यावे

साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत रक्कम गुंतविता येते आणि दर तिमाहीस व्याज हाती येते. उतारवयात मुलांवरील मायेपोटी घर त्यांच्या नावे करून देण्याचा विचार मनात येतो. अशा वेळी बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र ह्यांतील फरक जाणावा. बक्षीसपत्राने मालकी तत्काळ जाते. मृत्युपत्र मृत्यूनंतर अमलात येते आणि हयातीत केव्हाही बदलता येते. त्यासाठी साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरेत. नोंदणी सक्तीची नाही. निपुत्रिक विधवेने तर मृत्युपत्र अवश्य करावे; एरवी तिने स्वतः कमावलेली मिळकत कायद्याने प्रथम पतीच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नव्हे.

ह्या साऱ्याची सुरुवात एका साध्या वहीने होऊ शकते. सुटीच्या दिवशी पतिपत्नींनी ट्रंक उघडून एकत्र बसावे. खाती, पॉलिसी, कर्जे, उतारे, नॉमिनींची नावे आणि येणे-देणे त्या वहीत लिहावे व दरवर्षी ती नोंद ताजी करावी. पुढे ट्रंक एकटीने उघडण्याची वेळ आलीच, तर त्यातील कागद तिला परके वाटणार नाहीत.