पुसलेला ‘डॉक्टर’

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली आणि १९६९पर्यंत कृष्णधवलच राहिली. दोन इंची व्हिडिओटेप तेव्हा चांगलीच महाग. त्यामुळे प्रक्षेपणानंतर काही काळाने टेप पुसून दुसऱ्या कार्यक्रमासाठी वापरली जाई. आज हा करंटेपणा वाटतो. पण घरोघरी व्हिडिओ येईल आणि लोक जुने भाग विकत घेतील, हे तेव्हा कोणाच्या हिशेबातच नव्हतं.

बरेच भाग वाचले ते परदेशी विक्रीमुळे. मॉनिटरसमोर १६ मिमीचा फिल्म कॅमेरा लावून प्रती काढत आणि देशोदेशी पाठवत. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ या कथेचे चारही भाग हाँगकाँगहून परतले, ते १९९२मध्ये व्हीएचएसवर आले. २०१३मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून आणखी नऊ हरवलेले भाग मिळाल्याचं जाहीर झालं.

फिल्मवर उतरवताना सेकंदाला ५०ऐवजी २५च चित्रं उरतात आणि स्टुडिओतली हालचाल अडखळते. डीव्हीडी काढताना ‘विडफायर’ तंत्राने मधली चित्रं संगणकावर तयार करून भरली गेली.

आवाज मात्र एकाही भागाचा हरवलेला नाही. श्रेय चाहत्यांचं! टीव्हीचा आवाज त्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवला होता. ‘द इन्व्हेजन’चे गहाळ झालेले दोन भाग अशाच आवाजाला अ‍ॅनिमेशनची जोड देऊन २००६मध्ये डीव्हीडीवर आले.