निवाऱ्याच्या दाराला कुलूप कशाला?

"सरकार छप्पर देते, मग हे फुटपाथवरचे लोक तिथे जात का नाहीत?" असे आमच्या ऑफिसातील एक सहकारी परवा म्हणाले. हा प्रश्न आपल्या शिकल्या-सवरल्या बांधवांकडूनही ऐकू येतो, म्हणून हा लेखप्रपंच.

मुंबईत पुलाखाली राहणारे एक कुटुंब आमच्या ओळखीचे आहे. नवरा नाक्यावरचा मजूर, बायको कागद वेचते, पदरी दोन मुले. एके दिवशी काम मिळाले नाही म्हणून नवरा स्टेशनबाहेर बसला होता. गाडी आली आणि त्याला भिकारी म्हणून उचलून नेले. चार दिवस बायकोला पत्ता नव्हता. मुकादमाची चिठ्ठी घेऊन आम्ही खेटे घातले, तेव्हा तो सुटला. "जेवण मिळत होतं साहेब, पण दाराला कुलूप होतं," एवढेच तो बोलला.

हे घडते 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यामुळे. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि माणूस रस्त्यावर फिरतो, एवढ्यावरूनही त्याला भिकारी ठरवता येते. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात डांबण्याची तरतूद आहे. गरिबी हाच गुन्हा!

दिल्ली उच्च न्यायालयाने 8 ऑगस्ट 2018 रोजी या कायद्याची भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राचे काय? 1981 साली याच मुंबईतून पदपथवासीयांना हुसकावून गावी धाडण्याचा निर्णय झाला होता. त्या खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. घटनेचे 21 वे कलम फुटपाथवरच्या माणसालाही लागू आहे.

निवारा नकोच, असे आम्ही म्हणत नाही. शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली बजावले. आम्ही कारकून माणसे, हिशोब मांडून पाहू. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख, म्हणजे 124 निवारे हवेत. ते कामाच्या नाक्याजवळ हवेत. नवरा-बायको-मुलांना एकत्र राहता आले पाहिजे. पहाटे कामाला जाता आले पाहिजे, बोचके ठेवायला जागा हवी. असा निवारा असेल तर माणूस आपल्या पायांनी येईल. त्याला गाडीत कोंबावे लागणार नाही.

बंधू-भगिनींनो, दुष्काळात गाव सोडून फुटपाथवर आलेल्यांत आपले भूमिहीन बांधवही होते. आज आपण पक्क्या घरात आहोत म्हणून त्यांना विसरायचे काय? प्रत्येक विहारातील कार्यकर्त्यांनी आपल्या वॉर्डात निवारा कोठे आहे, याची चौकशी करावी. बेघरांना रेशनकार्डाचे अर्ज भरून द्यावेत. कोणाला उचलून नेल्यास वकील गाठावा.

कुलूप लावून जी दिली जाते, ती करुणा नव्हे. जय भीम!