लेखाची मर्यादा

शिवकालीन राजपत्र हाती घेतले, तर त्यावरील राजमुद्रेकडे कोणाचेही लक्ष प्रथम जाते. परंतु मजकूर जेथे संपतो तेथे उमटवलेली दुसरी लहान मुद्रा लेखनाचा व्यवसाय करणाऱ्याने अधिक आदराने न्याहाळावी, असे मला नेहमी वाटत आले आहे. ‘मर्यादेयं विराजते’ एवढीच अक्षरे तिच्यावर असतात. पत्राची सीमा येथे झाली, यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, हा त्या मोर्तबाचा हेतू. नियतकालिकासाठी, आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यासाठीही, लिहिणाऱ्यांपुढे लेख किती लांब असावा हा प्रश्न जेव्हा जेव्हा उभा राहतो, तेव्हा तेव्हा मला हे मोर्तब आठवते.

या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळपर्यंत लेखकापेक्षा कागदानेच अधिक दिले. १७११ साली लंडनमध्ये ॲडिसन आणि स्टील यांनी ‘स्पेक्टेटर’ काढला, तो रोज एक सुटा ताव दोन्ही अंगांनी छापून विकला जाई, आणि त्या तावात मावेल तेवढा निबंध असे त्याचे माप आपोआपच ठरून गेले. आपल्याकडे ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, त्यात एका रकान्यात मराठी व शेजारच्या रकान्यात इंग्रजी मजकूर असल्यामुळे प्रत्येक भाषेच्या वाट्याला मुळातच निम्मी जागा आली. पुढे मासिकांच्या काळात हे काम फर्म्याने, म्हणजे एका तावावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाने, केले. सोळा पानांचा फर्मा भरला आणि लेखाच्या सहा ओळी उरल्या, तर तेवढ्यासाठी नवा फर्मा चढवणे छापखान्याला परवडत नसे, म्हणून त्या ओळी कापल्या जात. आणि उलट पान रिकामे राहिले, तर ते एखाद्या पानपूरकाने भरून काढावे लागे.

कागदाची ही सत्ता एकदा कायद्याच्याही हाती गेली होती. १९५६ चा वृत्तपत्रांच्या किंमती व पृष्ठे यांविषयीचा कायदा आणि त्याखाली १९६० साली निघालेला सरकारी हुकूम यांनी कोणत्या किंमतीला किती पाने द्यावयाची याचे कोष्टकच ठरवून दिले. तेव्हा पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९६१ साली न्यायालयाने तो कायदा व तो हुकूम अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरवून रद्द केला. मजकूर किती द्यावा, हा प्रश्न मजकुरात काय सांगावे या प्रश्नापासून तोडता येत नाही, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित झाले, आणि एका मराठी दैनिकाच्या फिर्यादीवरून ते झाले, याचा आपल्याला अभिमान वाटावयास हवा.

आज पडद्यावर ना ताव राहिला, ना फर्मा. लेख पाचशे शब्दांचा झाला काय आणि पाच हजारांचा झाला काय, कागद वाढत नाही. मग मोकळ्या झालेल्या त्या जागी शब्दसंख्या येऊन बसली. लेखकाला विषय आणि आकडा एकाच दमात सांगितले जातात. आकड्याची उपयुक्तता मी नाकारीत नाही. अंकाची आखणी, लेखकाचे मानधन, वाचकाची सवड या सर्वांचा हिशेब त्यावाचून जमत नाही. परंतु तो आकडा कशावरून ठरवावा, याचे उत्तर आकड्यात नसते.

माझे मत असे की, विषयाला लांबी नसते. लांबी असते ती प्रश्नाला. ‘कांद्याचे अर्थकारण’ हा विषय घ्या. त्यावर एक परिच्छेद लिहिता येईल आणि चार खंडांचा ग्रंथही लिहिता येईल, आणि दोहोंपैकी कोणताही आकार चूक आहे असे म्हणता येणार नाही, कारण कोठे थांबावयाचे हे सांगणारे त्या शब्दांत काहीच नाही. आता त्याच विषयातून एक प्रश्न वेगळा काढा: लासलगावच्या परिसरातील शेतकरी उन्हाळी कांदा काढल्याबरोबर सगळाच बाजारात न नेता चाळीत का साठवतो? येथे वाचकाला काय काय कळले पाहिजे याची यादी लगेच करता येते. खरिपाचा कांदा टिकत नाही, उन्हाळी कांदा काही महिने टिकतो. हवा खेळती राहील अशी चाळीची रचना असते. साठवणीत काही माल सडतो व वजनही घटते. आणि ही तूट सोसूनही पुढे चढा भाव मिळेल, या आशेवर शेतकरी जोखीम पत्करतो. एवढ्या बाबी नीट उलगडल्या की सात-आठशे शब्दांत लेख पुरा होतो. परंतु निर्यातबंदीने त्या शेतकऱ्याचे आणि शहरी गिऱ्हाइकाचे नेमके काय झाले, असा प्रश्न केला, तर सरकारी हुकूम, आवकेचे आकडे, व्यापाऱ्यांची बाजू व शेतकऱ्यांची कैफियत असा सारा तपशील मांडल्यावाचून सुटका नाही. तो लेख तीन हजार शब्दांचा होईल, आणि आठशेत कोंबला तर त्यातून पुरावा गळून केवळ मत शिल्लक राहील.

आपल्या वाङ्मयात या दोन्ही मापांचे थोर दाखले आहेत. लोकहितवादींनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात जी एकशे आठ पत्रे लिहिली, ती बहुतेक आटोपशीर आहेत, कारण एका पत्रात समाजाचा एकच दोष उचलावयाचा आणि पुढच्या खेपेस दुसरा, अशी त्यांची रीत होती. आठवड्याची मुदत त्यांच्या प्रश्नाला पुरत होती. याउलट विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली आणि तिचे चौऱ्याऐंशी अंक जवळजवळ एकहाती लिहिले. संपादकही तेच आणि लेखकही तेच, तेव्हा त्यांना जागेची मुभा होती. आणि ग्रंथकार म्हणून इंग्रज साहित्यिक डॉ. जॉन्सन यांची योग्यता ठरवणे एका अंकात उरकणारे नाही, हे जाणून त्यांनी तो निबंध अंकामागून अंक चालू ठेवला.

तिसरा दाखला परदेशचा आहे. जॉन हर्सी यांनी हिरोशिमातील अणुस्फोटातून वाचलेल्या सहा माणसांचा वृत्तांत लिहिला, तो सुमारे एकतीस हजार शब्दांचा होता. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात तो चार हप्त्यांनी द्यावा असा मूळ बेत होता. परंतु साप्ताहिकाचे व्यवस्थापकीय संपादक विल्यम शॉन यांनी तो एकाच अंकात छापण्याची तजवीज सुचवली, संपादक हॅरल्ड रॉस यांनी विचारांती ती मान्य केली, आणि ३१ ऑगस्ट १९४६ चा अंक, नेहमीची व्यंगचित्रे व लेख बाजूला सारून, त्या एका वृत्तांताला वाहिला गेला. हप्ते पाडले असते तर दर हप्त्याच्या आरंभी मागील सार द्यावे लागले असते, आणि त्या सहा माणसांवर सकाळी सव्वाआठ वाजता कोसळलेले संकट वाचकाच्या मनात आठवड्या-आठवड्याने थंड होत गेले असते. त्या दिवशी माणसांचे काय झाले, हा प्रश्न अखंड होता, म्हणून लेखही अखंड राहिला.

ज्यांना स्वतः लिहावयाचे आहे त्यांनी लेखणी उचलण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात मांडावा. तो मांडता आला नाही, तर लांबीचा विचार अकाली आहे असे समजावे. मग त्या प्रश्नाचे उत्तर वाचकाला स्वतः पारखून घेता यावे म्हणून त्याला काय काय ठाऊक असले पाहिजे याची टिपणी करावी. लेख पुरा झाल्यावर एकेक परिच्छेद झाकून पाहावा, आणि जो झाकल्याने उत्तर जराही दुबळे होत नाही, तो कितीही सुंदर उतरला असला तरी काढावा. आणि एखाद्या ठिकाणी वाचक अडखळेल असे दिसले, तर दिलेल्या आकड्याची भीड न बाळगता संपादकाकडे आणखी जागा मागावी. लांब लेखाने वाचक थकतो ही तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. परंतु ज्याचा प्रश्न मनाला लागला आहे असा वाचक एकतीस हजार शब्दही वाचतो, आणि ज्याला प्रश्नच गवसला नाही त्याला तीनशे शब्दही जड होतात.

फर्मा होता तोवर लेखकाच्या वतीने कागद मोर्तब करीत असे. आता तो अधिकार, आणि त्याबरोबर ती जबाबदारीही, आपल्या हाती आली आहे. वाचकाला जो प्रश्न आपण दिला, त्याचे उत्तर जेथे पुरे झाले, तेथे ती लहान मुद्रा उमटवावी आणि हात आवरावा.