ऑरोरा दूर, निळी लाट जवळ!

‘नॉर्दर्न लाइट्स’. तुमच्या बकेट लिस्टमध्ये हे दोन शब्द आहेत ना? असणारच. नॉर्वे, फिनलंड किंवा आइसलँडचं आकाश, त्यावर हेलकावणारा हिरवा पडदा आणि खाली लाल जॅकेट घालून उभं असलेलं कुणीतरी. हे रील पाहिलं नाही असा कॉलेजकट्टा आज रत्नागिरीतही सापडणार नाही. आता तर मराठी टूर कंपन्याही खास या प्रकाशासाठी सहली काढतात. खर्च विचारू नका, मामला लाखांत जातो.

तसं उत्तर ध्रुवाचं वेड आपल्या गावाला नवं नाही. याच रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा अख्खा ग्रंथ लिहिला. वेदांतलं उषेचं वर्णन ध्रुवप्रदेशातल्या दिवस-दिवस चालणाऱ्या पहाटेचं आहे, असं त्यांचं म्हणणं. आजचे अभ्यासक हा सिद्धांत मान्य करत नाहीत, पण टिळकांची झेप बघा!

आपल्याला तेवढं लांब जायचं नाहीये. काळोखात उभं राहून निसर्गाचा लाइट शो बघायचाय, तर त्याची एक आवृत्ती आपल्या किनाऱ्यावर आहे. विमानाचं तिकीट लागत नाही. मात्र त्या महागड्या टूरकडून एक गोष्ट शिकून घ्यावी लागेल.

गाईड नेमकं करतो काय?

नॉर्वेतलं ट्रॉम्सो हे ऑरोरा टूर्सचं मोठं केंद्र. तिथली नाइट टूर कशी चालते? संध्याकाळी छोटी बस निघते. गाईडच्या मोबाइलवर दोन गोष्टी सतत उघड्या असतात. एक म्हणजे ढगांचा नकाशा आणि दुसरी ‘केपी इंडेक्स’. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती खवळलंय, हे शून्य ते नऊ या आकड्यांत सांगणारं ते माप. शहरावर ढग असतील तर गाडी आत डोंगरात वळते, कधी थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत जाते. मग शहराच्या दिव्यांपासून लांब, बर्फात, शेकोटी पेटवून थांबायचं. तासभर, दोन तास, कधी मध्यरात्र उलटेपर्यंत.

आणि तरीही ऑरोरा दिसेलच याची हमी कुणी देत नाही. सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण वातावरणातल्या ऑक्सिजन-नायट्रोजनवर साधारण शंभर किलोमीटर आणि त्याहून जास्त उंचीवर आदळतात, तेव्हा हा प्रकाश दिसतो. सूर्य काय कुणाच्या बुकिंगप्रमाणे चालत नाही. म्हणजे गाईड प्रकाश दाखवतो असं आपण म्हणतो खरं, पण त्याच्या हातात असतो तो फक्त काळोख. चांगला काळोख शोधायचा, तिथे लोकांना न्यायचं, मोबाइलची बॅटरी बंद करायला लावायची आणि जे दिसतंय ते काय आहे हे समजावून सांगायचं, हे त्याचं काम.

आणखी एक गंमत. फोटोत दिसतो तितका गडद हिरवा रंग डोळ्यांना बऱ्याचदा दिसतच नाही. कॅमेरा काही सेकंद शटर उघडं ठेवून प्रकाश साठवतो. आपल्या डोळ्यांना मात्र अंधुक उजेडात रंग नीट कळत नाहीत. त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला फिकट ऑरोरा करड्या ढगासारखा वाटू शकतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबईतही दिसला होता!

हा प्रकाश भारतात अजिबात दिसत नाही असंही नाही. १० मे २०२४ च्या रात्री मोठं सौरवादळ पृथ्वीवर आदळलं आणि लडाखमधल्या हान्लेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाली टिपली. त्याही आधी, ४ फेब्रुवारी १८७२ च्या प्रचंड सौरवादळात ध्रुवीय प्रकाश मुंबईतूनही दिसल्याची नोंद आहे. अशी वादळं मोजणारी जुनी चुंबकीय वेधशाळा कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजमापात गडबड होऊ नये म्हणून ती अलिबागला हलवली. १९०४ पासून तिथे नोंदी होतायत.

पण अशी वादळं पिढ्यांतून एखाद्या वेळी येतात. तेव्हा कोकणच्या आकाशात ऑरोराची वाट बघत बसू नका. मान जरा खाली करा. समुद्राकडे बघा.

पाण्यातला दिवा

पावसाळा सरला, थंडीची चाहूल लागली की कोकण किनाऱ्यावर काही रात्री लाटा फुटताना निळसर चमकतात. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहूपासून रत्नागिरी, देवगडपर्यंतच्या अशा लाटांच्या बातम्या आणि व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मासेमारांना यात नवल वाटत नाही. रात्री जाळं ओढताना पाणी चमकतं, माशांचा थवा वळला की त्याच्यामागे उजेडाची रेघ उमटते, हे दर्यावर जाणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या पाहिलंय.

ही चमक बहुतेक वेळा ‘नॉक्टिल्युका सिंटिलान्स’ नावाच्या एकपेशीय जीवाची असते. इंग्रजीत लाडाने त्याला ‘सी स्पार्कल’ म्हणतात. आकार साबुदाण्यापेक्षाही लहान, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. पाण्याने भरलेला पारदर्शक फुगा आणि त्याला एक शेपटी, इतकाच त्याचा थाट. पेशीत ल्युसिफेरिन नावाचं रसायन असतं. लाट फुटली, वल्हं मारलं, मासा घासून गेला की पेशीला धक्का बसतो, आत रासायनिक क्रिया होते आणि सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापुरता निळा झबका उडतो. असे लाखो झबके एकदम उडाले की लाट पेटल्यासारखी दिसते. काजव्याचंही तंत्र याच जातीचं, रसायनं मात्र वेगळी.

हा खटाटोप कशासाठी? शास्त्रज्ञांचा एक अंदाज मजेशीर आहे. त्याला ‘चोरघंटी’ म्हणता येईल. छोटा जीव खायला आला की पेशी चमकते, त्या उजेडात तो छोटा जीव मोठ्या माशाला दिसतो आणि चोर स्वतःच पकडला जातो!

कधी आणि कुठे?

इथे आपणच आपले गाईड. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. पण रोज दिसेल अशी खात्री नाही, ट्रॉम्सोसारखीच. चार दिवस किनारा चमकतो, पाचव्या दिवशी प्रवाह बदलतो आणि सगळं गायब.

काळोख हवा म्हणून अमावास्येच्या आगेमागे जा. मात्र याच दिवसांत समुद्राला उधाण असतं. कोकणात भरतीचा सोपा हिशेब सांगतात, तिथीची पाऊणपट करा. अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री साधारण सव्वाअकराला भरती पूर्ण. तुम्ही आठ-नऊला पुळणीवर पोहोचलात तर पाणी चढतंच असणार. त्यामुळे पाण्यात उतरायचं नाही, खडकांवर जायचं नाही. आरे-वारेचा समुद्र दिवसाही फसवा आहे, रात्री तर विचारच नको.

मांडवीला जेट्टीवरच्या दिव्यांमुळे काही दिसणं अवघड. भाट्ये किनाऱ्यावर सुरूच्या बनाच्या बाजूला, वस्तीच्या दिव्यांपासून लांब गेलात तर संधी जास्त. गणपतीपुळ्याच्या किनारी रस्त्यावर आरे-वारेला काळोख चांगला मिळतो, पण बघायचं ते वाळूवरून. आणि पोहोचल्यावर लगेच ‘काय दिसत नाय रे’ म्हणून परत फिरू नका. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्येच एकदा मोबाइल उघडलात तर मोजणी पुन्हा शून्यापासून!

दिसलं तर तेही रीलइतकं झगझगीत नसेल. मघाशी सांगितलेला कॅमेऱ्याचा खेळ इथेही लागू आहे. ओल्या वाळूवर पाऊल दाबून बघा. पावलाभोवती ठिणग्या उडाल्या, तर समजा तुमची टूर वसूल.

सुंदर आहे, पण शुभ आहे का?

इथे विषय जरा गंभीर होतो. नॉक्टिल्युकाचा मोठा बहर आला की दिवसा तेच पाणी हिरवट किंवा लालसर, दाट दिसतं. हा जीव स्वतः विष तयार करत नाही, पण त्याच्या पेशीत अमोनिया साठतो. बहर मरून कुजला की पाण्यातला ऑक्सिजन घटतो आणि मासळीला त्रास होतो. शिवाय तो डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींवर ताव मारतो. समुद्रातल्या अन्नसाखळीचा पायाच या डायटमवर उभा. नॉक्टिल्युकाला खाणारे मुख्यतः जेलीफिशसारखे जीव. बांगड्याच्या घरात जेलीफिशने संसार थाटला तर मिरकरवाड्याला काय मिळणार?

कोलंबिया विद्यापीठातल्या हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांच्या गटाने २०१४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये मांडलं, की अरबी समुद्रात हिवाळ्यात डायटमची जागा हिरवा नॉक्टिल्युका घेतोय आणि त्याचा संबंध कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी आहे. २०२० मध्ये त्यांनी हिमालयातला बर्फ कमी होण्याशीही हा धागा जोडला. हिवाळ्यात तिकडून येणारे वारे आता पूर्वीइतके थंड-कोरडे राहिले नाहीत, त्यामुळे समुद्राचं पाणी नीट घुसळत नाही आणि खालची पोषकद्रव्यं वर येत नाहीत, असं हे स्पष्टीकरण. ऑक्सिजनच्या मुद्द्यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. शिवाय समुद्र पूर्वीही चमकायचाच. त्यामुळे एक लाट चमकली म्हणून समुद्र आजारी पडला, असं म्हणता येणार नाही. पण चमक किती दिवस, कुठे, किती वेळा दिसते याच्या नोंदी असतील तर पुढे काही सांगता येईल.

आणि नोंदी ठेवायला आपल्याइतकं सोयीचं गाव कुठलं? शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. रील टाकताना तारीख, वेळ, किनाऱ्याचं नाव आणि दिवसा पाण्याचा रंग कसा होता एवढं लिहिलंत, तरी ते नुसतं रील उरत नाही.

वेळासचा धडा

आता समजा ही गोष्ट गाजली. शनिवारी रात्री दोनशे गाड्या किनाऱ्यावर, हेडलाइट सुरू, स्पीकर सुरू. भंडारदऱ्याच्या काजव्यांनी हे भोगलंय. गर्दीच्या उजेडात काजव्यांचे इशारे एकमेकांना दिसत नाहीत, जोड्या जुळणं अवघड होतं. आपल्याकडे तर आणखी एक पाहुणी असते. याच हंगामात ऑलिव्ह रिडले कासवं गावखडी, मालगुंडसारख्या किनाऱ्यांवर रात्री अंडी घालायला येतात. उजेड आणि गोंगाट दिसला की मादी आल्या पावली परत फिरते. पिल्लं समुद्राकडच्या उजळ क्षितिजाकडे धावतात, रस्त्यावरचा दिवा त्यांना उलट्या दिशेला नेतो.

उपायही आपल्याच जिल्ह्यात आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवं वाचवली. पुढे त्याचाच कासव महोत्सव झाला. पर्यटक घरगुती मुक्काम करतात, गावातली माणसं नियम सांगतात, दोरीच्या मागे उभं राहून पिल्लांना समुद्राकडे जाताना बघायचं. पिल्लं बाहेर आली नाहीत तर आली नाहीत. लोक तरीही जातात, गावात पैसा येतो.

निळ्या लाटांची टूर अशी होऊ शकते. दहा-बारा जणांचा गट, सोबत एक मासेमार आणि एक मत्स्य महाविद्यालयातला विद्यार्थी. गाड्या रस्त्यावरच लांब लावायच्या, उजेड लागलाच तर लाल कागद लावलेली बॅटरी. भरतीचं गणित मासेमाराला पाठ, नॉक्टिल्युकाचं विद्यार्थ्याला. हिवाळ्यात चार पैसे मिळतील, ते मुंबई-पुण्याला नोकरी शोधायला निघालेल्या कुणाच्या तरी कामी येतील. हे सुरू करायला कुणी बाहेरून येण्याची गरज नाही. मात्र आपण उशीर केला तर बाहेरून कुणीतरी येईल, आणि येताना हॅलोजन घेऊन येईल.

तेव्हा पुढच्या अमावास्येला कॅलेंडरवर खूण करा. घरी सांगून जा, एकटे जाऊ नका, पाण्यात उतरू नका. मोबाइल खिशात, डोळे समुद्रावर आणि अर्धा तास गप्प. काही दिसलं तर तारीख लिहून ठेवा. नाही दिसलं तरी लिहून ठेवा, तीही नोंदच असते. ट्रॉम्सोचं तिकीट पुढेमागे काढालच. तिथला गाईड बॅटरी बंद करा म्हणेल, तेव्हा सगळ्यात आधी हात खिशाकडे जाईल तो भाट्याच्या पुळणीवर तयार झालेल्या रत्नागिरीकराचा!